नवव्या ठोक्याची गोष्ट

मी वर्षालीचा दुसरा अल्बम बोलतोय, सात गाण्यांचा. वय दोन वर्षं; पण आम्हा अल्बमांत एका वर्षाची वीस धरतात, म्हणजे चाळिशी गाठली. थापा मारायचं वय आहे, सांभाळून ऐका.

माझा जन्म अमरावतीतल्या भाड्याच्या खोलीत, लॅपटॉपमध्ये झाला. बीज मात्र अकोल्याचं. तिथल्या एका जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे धडधडतात. गाण्यांसाठी वर्षालीने सहा दिवस त्यांचे आवाज टिपले. सातव्या दिवशी रेचे उठून तिला बसायला जागा देऊ लागले. हे खोटं, पुढचं खरं.

तिचे वडील बुधाजी त्याच जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. तिचा पहिला अल्बम त्यांनी अर्धं मिनिट ऐकला होता. मग म्हणाले, "मोटर चालू राहिली का वं कुठी?" आणि विहिरीकडे पाहायला गेले. म्हणून मला तिने त्यांच्यापासून लपवूनच ठेवलं.

शहरातल्या जाणकारांनी मात्र मला डोक्यावर घेतलं. एकाने लिहिलं, 'नवव्या ठोक्याला इथे काळ लंगडतो.' मी चकित. मला पायच नाहीत, तर लंगडतं कोण? गंमत अशी, की ते वाचल्यावर सगळ्यांनाच लंगडणं ऐकू येऊ लागलं. माणसं कानांनी ऐकतात की डोळ्यांनी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

वर्षालीला एकच मत हवं होतं. बाबा याला काम म्हणतील की नुसता आवाज? त्यापायी तिसरा अल्बम अडला होता. शेवटी एका रविवारी ती अकोल्याला आली, कूलर बंद केला आणि मला लावलं.

बुधाजी उठले, लांब पेचकस घेऊन आले. टोक स्पीकरला टेकवलं, मूठ कानाला. यंत्राची नाडी ते अशीच पाहत.

"चार नंबरचा रेचा हाये हा."

"लोक म्हणतात, बाबा, इथं काळ लंगडते."

"काळ कायले लंगडन? पट्टा घसरून राहिला."

वर्षालीचा चेहरा उतरला. "कसून देऊ का मंग? लॅपटॉपवर होते."

"नको," ते म्हणाले. "मीबी कधी कसला नाही. समदे रेचे एका चालीत चालले का मले डुलकी ये. हा मधातच घसरे, मंग मी जागा राहो. सायबाले सांगो, पट्टा जुना हाये."

"म्हंजे ठेका तुमचा हाये, बाबा." ती माझ्या श्रेयनामावलीत 'ठेका' या शब्दापुढे त्यांचं नाव लिहू लागली.

"माहं कायले? काम त्यानं केलं. त्याचं लिव."

मग पेचकस न काढता म्हणाले, "पुढचं लाव."

सातही गाणी त्यांनी तशीच तपासली. वर्षाली आता तिसऱ्या अल्बमला लागली आहे.

माझ्यावर आज लिहिलेलं आहे, 'ठेका: रेचा नंबर चार.' जाणकार विचारतात, हा कलावंत कोण, कुठे भेटेल? अकोल्यात, जिनिंगमध्ये. जरूर भेटा. फक्त हात जोडून विनंती, पट्टा कसायचा पाना सोबत नेऊ नका.