हिरव्या बटणातली ढलपी

छगनकाकांनी डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, खांबाशी तंबाखूची पिचकारी टाकली, त्याच तोंडाने पुन्हा ऑटो न लावण्याची तापीमाईची शपथ घेतली आणि आपल्या स्टार्टरचा ऑटो धीरजने पुढे केलेल्या गोणीत टाकला. त्यांच्यामागून रूपचंदने टाकला, मग चुडामणने. धीरजला त्या शपथेची किळस आली.

ऑटो म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारी डबी. सारंगखेड्याच्या अलीकडच्या या शिवारात लाईटची वाट बघत विहिरीवर कोण बसतो? लाईट आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम उठायच्या, व्होल्टेज धाडकन पडायचं आणि तारेच्या शेवटच्या टोकाला धीरजची मोटर कण्हत कण्हत जळायची. या उन्हाळ्यात दोनदा जळली. वार्निशचा तो जळका वास नाकात असा बसला होता की भाकरीलाही तोच यायचा. केळीचे घड अर्धेच भरलेले, पानं माना टाकून उभी. पुन्हा मोटर जळली की बाग गेली.

"मोटारी बंद ऱ्हायन्यात का मन्हा मीटर चारशे दाखाडस," तो सांगत होता. "बठासनी एकदम वढं का तीनशेबी पोचत नहीं. तार लांब शे. एकामागे एक चालू करा. डीपीजवळवाला पहिले, मी शेवटे."

"चाली भो," छगनकाका म्हणाले. रूपचंद नुसता हसला.

ते हसू धीरजच्या डोक्यात गेलं. हीच माणसं मोटर जळाली की यायची, चुकचुकायची, त्याच्या घरचा चहा प्यायची आणि परत जाऊन ऑटो लावायची. कसली शपथ नि कसलं काय. ऑटो नसला म्हणून काय झालं? स्टार्टरचं हिरवं बटण दाबून त्यात लाकडाची ढलपी अडकवली की काम तेच होतं. आज घरोघरी ढलप्याच तासत असतील.

मग आपणच कशाला हरिश्चंद्र व्हायचं? शेतात येताच त्याने बाभळीची काटकी तासली आणि बटणात ठोकली.

दुपारी लाईट आली. मोटर उठली. धीरज व्होल्टमीटरच्या काट्याकडे बघत राहिला. आत्ता पडेल, मेले बेइमान. काटा चारशेच्या जवळ होता, तिथेच राहिला. पाईपातून पाणी कधी नव्हे इतकं भरून पडू लागलं.

मग त्याच्या लक्षात आलं. शिवारात दुसऱ्या एकाही मोटरीचा आवाज नव्हता.

बांधावरून छगनकाका येत होते.

"तू गया, मंग आम्ही ठरायं," ते म्हणाले. "पहिला नंबर तुलेच. तुन्ही बाग सुकी ऱ्हायनी. तेच सांगाले येत व्हतू, तं तुन्ही मोटर चालूबी व्हई गयी."

बोलता बोलता त्यांची नजर स्टार्टरवर गेली. दोन बोटांनी त्यांनी ढलपी उपसली, उलटीपालटी करून पाहिली आणि धीरजच्या हातावर ठेवली. मोटर चालूच राहिली. एकदा उठल्यावर तिला ढलपी लागत नाही.

"तुन्हं पानी व्हई गयं का हाक मार," ते म्हणाले. "मी मन्हा स्टार्टरपा बठेल शे."

ते गेले. धीरजने सवयीने नाक ओढलं. जळका वास नव्हता. तरी बांधावर ओणवा होऊन तो थुंकला, पुन्हा थुंकला. तोंड काही साफ होईना.