मेलूरने माझी चूक दाखवली

मी एक जुना संगणक आहे. मलेशियातल्या जोहोरमधल्या एका विद्यापीठाच्या अडगळीत पडून असतो. दमट हवेने माझे स्क्रू गंजले आहेत आणि पंख्यात पालीने अंडी घातली आहेत.

मित्रांनो, मी हिशेब करणारा संगणक नव्हतो. इथे शिकवणाऱ्या नोरहायदाबाईंनी मला तिथली मलय भाषा ऐकायला शिकवली. कु-चिंग म्हणजे मांजर, बु-कु म्हणजे पुस्तक. असा शब्दाचा एकेक तुकडा मी कानाने ओळखायचो. त्यासाठी बाईंनी माझ्या आत मेंदूतल्या मज्जातंतूंसारखे एक जाळे विणले होते. चुकलो की त्यातले काही धागे सैल होत, काही घट्ट. विद्यार्थ्यांचे खणखणीत आवाज ऐकत, चुकत चुकत मी तयार झालो. पाहुणे येत, माझी पाठ थोपटत.

मग मला मुलांच्या वाचा-सुधार वर्गात ठेवले. उच्चार बरोबर असला तर हिरवा दिवा, चुकला तर लाल.

तिथे सात वर्षांची मेलूर आली. तिची टाळू जन्मतःच दुभंगलेली होती. शस्त्रक्रिया झाली होती, तरी ‘क’ म्हणायला गेली की घशातून आणि नाकातून नुसती हवा निघे. मी लाल दिवा लावी. पुन्हा लाल. पुन्हा लाल.

काही आठवड्यांनी तिची आई रोकिया एकटीच आली.

“ताई, पोरगी घरी भात तरी तोंडाने मागायची. आता नुसतं ताटाकडे बोट दाखवते. हे तुमचं यंत्र तिला गप्प करून बसलंय.”

बाईंचे वरिष्ठ म्हणाले, “यंत्र बरोबरच सांगतंय. चुकतेय ती मुलगी.”

“सर, पण तिच्यासारखा आवाज आपण त्याला कधी ऐकवलाच नाही,” बाई म्हणाल्या.

बाई गावोगावच्या दवाखान्यांत फिरल्या आणि मेलूरसारख्या मुलांचे आवाज घेऊन आल्या. माझे धागे पुन्हा ओवले गेले. दिवे काढून टाकले. आता मी जे ऐकेन तेवढेच पडद्यावर लिहायचे, असे ठरले.

रोकियाने मेलूरला परत आणले. ती ओठ मिटून बसली. शेवटी मांजराचे चित्र पाहून पुटपुटली, “कु...”

मला ऐकू आले तसे मी लिहिले, ‘हु’.

मेलूरच्या भुवया चढल्या. तिने पडद्यावर बोट आपटले आणि ओरडली, “बुकान!” म्हणजे ‘असं नाही!’

रोकियाने तोंडावर हात धरला. “अगंबाई, भांडतेय बघा त्याच्याशी!”

रागाच्या भरात तो ‘क’ टाळूला लागून आला होता. मी तो अचूक पकडला. पडद्यावर उमटले, ‘बु-कान’. मेलूरने ते वाचले आणि मोठ्याने हसली. त्या दिवसापासून ती माझ्या चुका काढू लागली, आणि चुका काढण्यासाठी तिला बोलावेच लागे.

पुढे नवी यंत्रे आली. मला कुणी निरोप दिला नाही. कधीतरी खिडकीबाहेरून एक मुलगी आईशी अखंड बडबडत गेली. तिचा ‘क’ अजून जरा नाकात होता. आईने तिला एकदाही टोकले नाही.

मित्रांनो, माझी धूळ झटकलीत तर बरे वाटेल. नाही झटकलीत तरी चालेल. पण कुणाचा शब्द अडखळला, तर तो त्याच्या वतीने पुरा करू नका आणि मान फिरवू नका. थोडे थांबा आणि म्हणा, “पुन्हा सांग, मी ऐकतोय.”