टायरखालची लिंबं

यतीनला गोष्ट रंगवून सांगायची भारी हौस, आणि त्यात बायकोची फजिती असली की त्याला जास्तच चेव यायचा. परदेशातल्या ट्रुगानिना उपनगरातल्या मराठी मंडळींची अशी एक पॉटलकची पंगत झाली नसेल, जिथे त्याने सुनेत्राने गाडी दुकानासमोरच्या सामानाच्या ट्रॉल्यांच्या पिंजऱ्यावर कशी घातली हे साभिनय करून दाखवलं नसेल. "ब्रेक समजून दाबला ॲक्सिलरेटर, आणि वर म्हणते काय, गाडीच पळाली! गाडीला काय पाय फुटले?" मंडळी पोट धरून हसायची. सुनेत्रा मुकाट्याने कोशिंबीर वाढत राहायची.

तिने ब्रेकच दाबला होता. इंडियन ग्रोसरीच्या दुकानासमोर गाडी सावकाश पार्क करताना इंजिन एकदम गुरगुरलं आणि गाडी पुढे झेपावली. ब्रेकवर ती जवळजवळ उभीच राहिली होती. यतीनला तिने हे त्याच संध्याकाळी सांगितलं. यतीन सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस. ऑफिसात एखादा दोष पुन्हा करून दाखवता आला नाही, की 'युजर एरर' लिहून तो तक्रार मिटवून टाकायचा. बायकोची तक्रारही त्याने तशीच मिटवली. पुण्यात ऐन गर्दीच्या वेळी टिळक रोडवर गाडी चालवलेली ही बाई, पण हळूहळू तिला स्वतःच्याच पायाची शंका यायला लागली. तिने गाडी चालवणं सोडलं. कोथिंबिरीची जुडी आणायलाही ती बसथांब्यावर उभी राहायची.

मग एक दिवस गाडीने यतीनलाच इंगा दाखवला. ग्लेन वेव्हर्लीला एका बारशाला दोघं निघाली होती. फ्रीवेवर, वेस्ट गेट पुलाच्या अलीकडे गाडी अचानक सुसाट सुटली. यतीन ब्रेकवर पाय रोवून बसला होता आणि गाडी काही केल्या ऐकत नव्हती. "न्यूट्रलमध्ये टाक! अरे, न्यूट्रल!" सुनेत्रा ओरडली. त्याने कसाबसा गिअर काढला आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. यतीनचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुनेत्रा एकाच वाक्याची वाट बघत होती: 'तुझं खरं होतं गं.' यतीनने बाटलीतलं पाणी संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, "हे कुणाला बोलू नकोस."

घरी येऊन त्याने इंटरनेटवर शोधलं, तर गाडी रिकॉलमध्ये निघाली, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांत. पेडलच्या सेन्सरमध्ये दोष होता. कंपनीने लिहिलं होतं: इंजिन आपोआप जोर घेऊ शकतं, नवा भाग उपलब्ध झाला की आम्ही कळवू, तोवर गाडी वापरू नये, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. माणूस जिवानिशी जायचा, आणि ह्यांच्या लेखी ती गैरसोय! सुनेत्राला त्या भाषेचीच शिसारी आली. पण खरी शिसारी तिला दुसऱ्या दिवशी आली, नवऱ्याची. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यतीनने गाडी विकायला काढली होती. 'लेडी ड्रिव्हन, कमी चाललेली. आपल्या माणसांना प्राधान्य.'

"अरे, रिकॉल आहे ना?"

"रिकॉल फ्री असतो. त्यांना करून मिळेल की."

"आणि तोवर?"

"तोवर काय? नो वरीज. तू ना, उगाच पॅनिक होतेस."

इथे नव्याने आलेल्या मराठी माणसाचा पहिला फ्रिज, पहिला सोफा आणि पहिली गाडी ह्या ग्रुपवरूनच घरात येते. आपला माणूस म्हटल्यावर कोण खोदून विचारतो? अनिश आणि देवयानी नुकतेच पुण्याहून आले होते. अनिश गाडी बघायला आला तेव्हा यतीन शेजारी बसला नाही. फुटपाथवर उभा राहून म्हणाला, "मस्त फेरी मारून ये, मेट!" त्या फेरीत गाडी शहाण्यासारखी वागली. मेकॅनिकनेही ब्रेक, टायर, दिवे तपासून 'रोडवर्दी', म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र, देऊन टाकलं. यतीन स्वतः मात्र ट्रेनने ऑफिसला जायला लागला होता. पार्किंग फार महाग झालंय, म्हणे.

रविवारी अनिश आणि देवयानी आपल्या बाळाला घेऊन गाडी न्यायला आली, तीही बसने, कारण आणायला जायला यतीनला 'जमलं नाही'. देवयानीने पिशवीतून हळद-कुंकू आणि नारळ काढला आणि चारी टायरांखाली एकेक लिंबू ठेवलं. अनिश मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बसवत होता. पट्टा नीट घट्ट बसला का, हे तो पुन्हा पुन्हा ओढून बघत होता.

"ताई, स्वस्तिक तुम्हीच काढा ना," देवयानी म्हणाली. "इथे आम्हाला मोठं माणूस तुम्हीच."

सुनेत्राने कुंकवात बोट बुडवलं आणि तिथेच तिचा हात थांबला. बोनेटवर त्या ट्रॉल्यांचा पोचा अजून तसाच होता. तिला नवऱ्याची, त्या गाडीची आणि इतके दिवस गप्प बसलेल्या स्वतःचीही किळस आली.

"ही गाडी नेऊ नका," ती म्हणाली. "ब्रेक दाबला तरी पळते. माझ्या हातून पळाली, फ्रीवेवर ह्याच्याही हातून पळाली. रिकॉल आहे तिचा."

अनिश उठून उभा राहिला आणि यतीनकडे बघू लागला. यतीन हसला, अगदी पॉटलकमध्ये हसायचा तसाच.

"सांगितलं नव्हतं का तुला? ट्रॉल्यांवर घातली तेव्हापासून हिचं हे असंच चाललंय. रिकॉल वगैरे रूटीन असतं रे, सगळ्याच गाड्यांचा निघतो."

"आणि फ्रीवे?" सुनेत्राने विचारलं.

"कुठला फ्रीवे?"

तिच्या डोळ्यांत डोळे घालून तो हे बोलला, आणि त्याची पापणीही लवली नाही.

अनिशही हसला. "जाऊ दे वहिनी, होतं असं. देवयानी पण पुण्यात दोनदा ठोकून आली होती."

देवयानी हसली नाही. तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "यतीनदादा, मग आम्हाला घरी तुम्हीच सोडा ना. अनिश शेजारी बसेल, मी बाळाला घेऊन मागे बसते. फ्रीवेवरूनच जाऊ."

"मी? अगं, नाही, मला एक मीटिंग आहे आत्ता."

"रविवारी?"

यतीनने खिशातून फोन काढला आणि उगाचच त्यात बघत राहिला. अनिशच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

देवयानी बाळाला सांभाळत खाली वाकली. तिने पुढच्या टायरखालचं लिंबू ओढून काढलं आणि पिशवीत टाकलं. मग दुसरं काढलं, मग तिसरं. चौथं टायरखाली जरा आत सरकलं होतं. सुनेत्रा गुडघ्यांवर बसली आणि कुंकू लागलेल्या हाताने तिने ते काढून दिलं.