सरळ रेषेत सहा किलोमीटर

सहल ठरली की लोक आधी कपडे भरतात, मी दवाखाने शोधते. नवरा हसतो. त्याची धाकटी बहीण आमच्याबरोबर येणार आहे, ती त्याच्याहून जास्त हसते. हसू देत. गेल्या हिवाळ्यात ताप चढता चढता आमची अडीच वर्षांची लेक माझ्या मांडीवर ताठ झाली, डोळे वर गेले, ओठ निळे पडले, तेव्हा हे दोघंही घरात नव्हते. दवाखाना सात मिनिटांवर होता म्हणून... पुढचं वाक्य मी अजून पूर्ण केलेलं नाही.

"तापात काही मुलांना झटका येतो, मोठी झाली की येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "नाकात मारायचा फवारा जवळ ठेवा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर तो मारा आणि दवाखाना गाठा. बाकी खुशाल फिरा." त्यातलं 'खुशाल' नवऱ्याने उचललं आणि 'पाच मिनिटं' मी.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. मधोमध लांबलचक निळं सरोवर, भोवती डोंगरांच्या तपकिरी रेघा. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे आराखडे काढतो, त्यामुळे सहलीचा कागदही त्याच्या हातात ऑफिसचाच होतो. त्याने प्रत्येक मुक्कामावर कर्कटकाचं टोक रोवलं आणि दहा-दहा किलोमीटरचे गोल काढले.

"वहिनी, तू डोंगर बघायला चालली आहेस की डॉक्टर?" नणंदेने विचारलं.

"दोन्ही एकाच फोटोत आले तर बरं."

"हे घे, आले," नवरा म्हणाला. "इथे आपलं विश्रामगृह, पाण्याला लागून. आणि इथे दवाखाना. सहा किलोमीटर. बस्स? आता तरी तोंड वाकडं करू नकोस."

मी वाकून पाहिलं. दवाखान्याची लाल फुली खरोखरच गोलाच्या आत होती. कित्येक आठवड्यांनी मला नुसतं सरोवर दिसलं, काठावर बसून पाण्यात खडे टाकणारी लेक दिसली. मी तिचा जाड स्वेटरही बॅगेत टाकला.

मग विश्रामगृहाला फोन लावला. विचारायचं फक्त एवढंच होतं की सकाळी दूध किती वाजता मिळेल. फोन स्पीकरवर होता. व्यवस्थापक मोठा बोलका माणूस. दुधाचं झालं, गरम पाण्याचं झालं, आणि सवयीने माझ्या तोंडून निघालंच, "दवाखाना जवळच आहे ना?"

"जवळ म्हणजे? समोरच की, ताई! अंगणातून त्याचं छप्पर दिसतं."

"जायला किती वेळ लागतो?"

"होडीने अर्धा तास. पण दुपारनंतर वारा सुटतो, मग होडी बंद."

"आणि रस्त्याने?"

"रस्ता पूर्ण तळ्याला वळसा घालून जातो. दोन तास धरा. वाटेत दरड आली असेल तर मग विचारूच नका."

मी फोन ठेवला. लेक टेबलाखाली झाकणं वाजवत होती. नवरा गोलाच्या मधल्या निळ्या रंगाकडे बघत राहिला.

"आमच्याकडे अंतर पट्टीनेच धरतात," तो पुटपुटला. "नळ पाण्याखालूनही नेता येतो."

मला त्याचा राग येईना. राग आला तो स्वतःचा. त्या निळ्याकडे मीही चारदा पाहिलं होतं. फुली शोधण्याच्या नादात मधलं पाणी मला पाणी वाटलंच नव्हतं. माझ्या काळजीचा सगळे इतका गवगवा करतात, आणि ती काळजीच आंधळी निघाली.

"रद्द करूया," नवरा म्हणाला. "मोठी झाली की जाऊ."

नणंदेने नकाशाची घडी घालायला घेतली.

मला 'हो' म्हणायचं होतं. जीव अगदी आसुसला होता त्या 'हो'साठी. पण यंदा हो म्हटलं की पुढच्या वर्षीही म्हणणार, हे मला माझ्याबद्दल पक्कं ठाऊक आहे.

"फुलीच्या बाजूला एखादी खोली मिळते का बघ," मी म्हणाले.

मिळाली. बस थांब्यामागे, खिडकीतून डोंगर नाही, सरोवर नाही, समोर टायरचं दुकान. तिथल्या मालकीणबाईंना या वेळी नवऱ्याने स्वतः विचारलं, "दवाखाना किती मिनिटांवर? मिनिटं सांगा, अंतर नको."

"चालत पंधरा. चढ आहे जरा."

"आणि धावत?"

"दवाखान्यात धावत कशाला जायचं, साहेब?" बाई हसल्या.

त्याने खोली पक्की करून फोन ठेवला आणि मला विचारलं, "हिचं वजन किती आहे आता?"

"साडेतेरा किलो."

त्याने लेकीला टेबलाखालून उचललं, दार उघडलं आणि जिन्याने खाली गेला. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. खालून त्याने हाक दिली आणि पावलं धाडधाड वर येऊ लागली. नणंद कठड्यापाशी उभी राहिली, मी घड्याळाकडे बघत होते. दुसऱ्या मजल्यावर त्याला धाप लागल्याचं ऐकू आलं. तो दारात पोचला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि लेक त्याच्या मानेला लटकून खिदळत ओरडत होती, "बाबा, अजून एकदा!"