सव्वासातची बस आणि हुलगा

आमच्या वस्तीम्होरं, नेवासा-श्रीरामपूर रस्त्यावर, सरकारनं पाटी लावलीय. चाळीस. म्हंजे चाळीसच्या वर गाडी पळवायची न्हाई. ती पाटी आजवर फक्त आमच्या शेळीनं वाचली असंल, कारन तिच्यापाशी थांबती ती एकटीच. मोटारवाले, फटफटीवाले, समदे त्या पाटीच्या नाकावर टिच्चून जात्यात. आनि सकाळची सव्वासातची बस? तिला तर आमची वस्तीच दिसत न्हाई.

मी गोजरबाई. वय इचारू नका, मलाच ठाऊक न्हाई. माझी नात दिशा बारावीला हाय, श्रीरामपूरच्या कॉलेजात. कागदावर बसचा थांबा आमच्या दारातच हाय. पोरीचा हात करून करून खांदा निखळायची येळ आली, पन ड्रायव्हर काय ब्रेकला पाय लावंना. लई खाडे झाले. शेवटी कॉलेजातनं हजेरीचा कागद आला.

माझा लेक हनुमंत तो वाचून म्हनला, "आता आनखी एक खाडा झाला की बास. नाव काढतो. न्हाईतरी काष्टीचं स्थळ आलंच हाय."

"तुझी मोटारसायकल काय शोभेला ठिवलीय व्हय रं?"

"तिच्यावर दूध जातं, आई. आता दूध थांबवू का?"

दूध थांबायचं न्हाई, पोरीनं थांबायचं! माझं टाळकंच फिरलं. दिशा कोपऱ्यात बसून नुसती वहीची पानं उलटत ऱ्हायली. ते मला बघवंना.

दुसऱ्या दिशी उजाडताच मी खळ्यावरचा हुलगा उचलला. आमच्याकडं हुलगा काढला की रस्त्यावर पसरायची रीतच हाय. वरनं गाड्या जात्यात, मळनी फुकटात हुती. पन लोकं पसरत्यात कडंला, पातळ. मी पसरला ह्या कडंपासनं पार त्या कडंपर्यंत, चांगला गुडघाभर. ड्रायव्हर लोक पोलिसाला भीत न्हाईत एवढं हुलग्याच्या वेलाला भित्यात. वेल गाडीखालच्या दांड्याला गुंडाळला की मग बसा काढत.

बस आली. ऐंशीनंच आली, आनि हुलगा बघून अशी चिरकली! कचकन हुबी ऱ्हायली. ड्रायव्हर खिडकीतनं निम्मा भाईर आला.

"ए म्हातारे! रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का?"

"बापाचा असता तर तू पैल्याच दिशी थांबला असता," मी म्हनलं. "चढ गं दिशा."

आतनं कंडक्टर म्हनला, "बिभीषन, जाऊ दे."

"बिभीषन? नाव बिभीषनाचं आनि वागनं रावनाचं व्हय रं?"

आख्खी बस हसली. बिभीषन जरा नरमला.

"आजी, आमाला टायमात पोचायचं असतं. तुमी रोज असा हुलगा टाकनार का?"

"हुलगा सरला की तूर हाय. तूर सरली की हरभरा. पोरीची परीक्षा हुईस्तवर पीक पुरतंय मला."

त्यानं कपाळाला हात लावला. मग हुलग्यावरनं बस नेली ती चाळीसनं काय, चारनं. खिडकीतनं दिशा हात हलवत हुती. माझ्या डोळ्याला पानी आलं. धुरळ्यानं न्हाई, खरंच आलं.

मागं वळून बघते तर हनुमंत. दुधाचे कॅन घिऊन हुबा, कवापास्नं कोन जानं. मला वाटलं आता वराडनार. पन तो बस गेली तिकडंच बघत ऱ्हायला आनि मग दूध घालाया गेला.

तिसऱ्या दिशी मी उठून भाईर आले. दुधाचे कॅन ओट्यावरच हुते. मोटारसायकलवर तुरीच्या पेंढ्या लादलेल्या, आनि हनुमंत रस्त्यात त्या सोडत हुता.

"आई, हुलग्यात आता दानं ऱ्हायलं न्हाईत. आज तूर टाकतो."

"आनि दूध रं?"

त्यानं मान वर केली न्हाई. पेंढी मोकळी करता करता म्हनला, "थांबंल जरा दूध."