बिनआवाजाचा घसा

मौनबाबा आयुष्यात एकदाही घोरले नव्हते, हे निर्विवाद सत्य होतं. निर्विवाद अशासाठी, की भरल्या सभागृहात वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

"आवाज म्हणजे अडलेला प्राण," बाबा माईकवरून सांगत होते. "आवाज गेला, की प्राण मोकळा."

मग त्यांनी समोर बसवलेल्या एका घोरणाऱ्या क्रेनवाल्याच्या हनुवटीखालून जांभळा पट्टा घेऊन डोक्यावर करकचून बांधला. बायका एकामागून एक उठून साक्षी देऊ लागल्या. यांचं घोरणं गेलं, दिरांचं गेलं, एकीच्या तर शेजाऱ्यांनाही झोप लागायला लागली.

क्रेनवाल्याची बायको तेवढी कपाळाला हात लावून बसली होती. नवऱ्याचा झोपेत श्वास अडायचा. मग तो क्रेनच्या केबिनमध्ये पेंगायचा, आणि खाली माणसं काम करत असायची. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन डॉक्टरांनी दिलं होतं. पट्टा घरी आला त्या दिवशीच ते माळ्यावर गेलं.

"आठवडाभर हूं नाही की चूं नाही," सासूबाई म्हणाल्या. "नवरा शांत झोपलेलाही बघवत नाही का गं तुला?"

"मग आई, दिवसा ह्यांचे डोळे का मिटतात?"

"गुण आतून येतोय. मुरायला वेळ लागतो."

लोणच्याबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या. भिंतीशी बोलणं परवडलं असतं. भिंत निदान उलट उत्तर देत नाही.

शेवटी तिने अट घातली. पट्टा बांधूनच दवाखान्यात झोपायचं. गुण खरा निघाला, तर मशीन परत करायचं.

"बाबांची परीक्षा घेतेस?" नवरा म्हणाला.

"बाबांची नाही. तुमच्या घशाची."

रात्रपाळी करून आलेला तो दुपारी दवाखान्यात आडवा झाला. सुई नाही, घशात नळी नाही. नाकावर फक्त मास्क. सासूबाई दाराच्या काचेला कान लावून उभ्या.

"ऐका डॉक्टर. काही येतंय ऐकू?"

"नाही ना. तीच तर काळजी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पडद्यावर छातीची रेघ वरखाली होत होती, पण श्वासाच्या हवेची रेघ सपाट होती. मास्कमधून तपासणीचं यंत्र हवेचे बारीक धक्के सोडत होतं. घसा उघडा असेल तर ते आत शिरतात. बंद असेल तर बंद दारावर आपटल्यासारखे माघारी येतात. आत्ता सगळे माघारी येत होते.

"आजी, माणूस घोरतो तेव्हा घशातल्या फटीतून थोडी तरी हवा जात असते. इथे फटच मिटलीय. पट्ट्याने तोंड आवळून आवाज दाबला. घसा बंद पडायचा तो पडतोच आहे."

एवढ्यात नवरा धापा टाकत दचकून जागा झाला. "मस्त झोप लागली," तो म्हणाला.

सासूबाईंनी काचेवरचा कान काढला. "आधी तो पट्टा सोड त्याचा," त्या सुनेला म्हणाल्या. संध्याकाळी मशीन माळ्यावरून खाली आलं.

पुढच्या सभेत सून उभी राहिली. "घरातल्या माणसाचा श्वास कानाने मोजू नका. मोजायचं साधन आहे, दुखत नाही, खुपत नाही. आधी मोजा, मग कोणाच्या पाया पडायचं ते पडा."

"मग बाबा कसे घोरत नाहीत?" मागून कोणीतरी चिडून विचारलं.

"कोणी ऐकलंय?"

सेवेकरी एकमेकांकडे बघू लागले. बाबा एकटेच झोपत, दाराला आतून कडी लावून.