दोघांचं जेवण

न्हाणीच्या आडोशाला मुन्नाने थोरल्या भावाचा चौकड्याचा सदरा उतरवला, स्वतःचा चढवला आणि पुढच्या दाराशी येऊन खोकला. घाईत गुंड्या खालीवर लागल्या होत्या.

योगराज म्हणून तो आत्ताच जेवला होता. आता मुन्ना म्हणून जेवायचं होतं.

कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकने योगराजला नेलं, तेव्हापासून रुख्माबाई दोन लेकांची दोन ताटं वाढायची. दुसऱ्या ताटाला कोणी नाही म्हटलं की रात्रभर रडायची. म्हणून मुन्ना दोन्ही जेवायचा. गाव म्हणे, या घरात मेलेल्याला भूक जास्त. पोट असं सुटलं, की नागझिऱ्यात तो चालवायचा ती सफारीची जिप्सी एका अंगाने कलून चाले, आणि वाघसुद्धा म्हणे वाट सोडून दुसऱ्या अंगाला उभे राहत. दिवसभर जंगलाची धूळ खायची, संध्याकाळी दोन माणसं व्हायचं. थकला होता बिचारा.

टीव्हीवर सिरियल चालू होती. स्मृती गेलेला नायक मेलेल्या भावाच्या नावाने घरात राहत होता. आज तो आईसमोर ओरडला, "माँ, मैं वो नहीं हूँ!" आई बेशुद्ध पडली, एकदा समोरून, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

हेच वाक्य मुन्ना कधीचा जिभेवर घेऊन फिरत होता. आज बोलायचंच, असं ठरवून तो आत आला. पण चुलीपाशी एकच ताट होतं, तेही मघाचंच, उष्टं.

"माय, माझं ताट?"

"आत्ताच तर जेवला, योगराज."

"मी मुन्ना आहो वं!"

रुख्माबाईने डोळ्यांना पदर लावला.

"मुन्ना गेला ना रे बा. कायले त्याचं नाव काढून राहिला?"

या घरात आता योगराज होता, मुन्नाच नव्हता. मुन्नाने टीव्हीचा आवाज कमी केला आणि आईच्या जवळ, भुईवर टेकला.

"कसा होता, माय? मुन्ना?"

म्हातारीने हात लांबवून त्याच्या सदऱ्याच्या चुकलेल्या गुंड्या सोडल्या आणि एकेक करून नीट लावल्या.

"गरीब होता," ती म्हणाली. "पोट भरलं असलं, तरी माह्यासाठी दोघांचं जेवे."